पावणेनऊशे किलोमीटर

मुंबईच्या विमानतळापासून कराचीचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे पावणेनऊशे किलोमीटरवर आहे. मुंबई-दिल्ली त्याहून लांब, १,१४० किलोमीटरच्या आसपास. मुंबई-चेन्नईसुद्धा हजारावर जातं. तिकडून पाहिलं तर कराचीला आपल्याच देशातलं लाहोर मुंबईपेक्षा जवळजवळ दीडशे किलोमीटर दूर पडतं. दोन्ही शहरं एकाच समुद्राच्या काठावरची, दोन्ही बंदरं, दोन्ही कापसाच्या निर्यातीवर मोठी झालेली. मुंबईहून वायव्येला निघालेली ही रेषा खंभातच्या आखाताचं तोंड ओलांडून सौराष्ट्रावर चढते, जामनगरच्या बाजूने कच्छच्या आखातावर येते, कच्छच्या पश्चिम टोकाला सर क्रीकच्या दलदलीवरून जाते आणि सिंधूच्या मुखावरून कराचीला पोचते. वाटेत डोंगर नाही, वाळवंटाचा मोठा पट्टा नाही. विमान न्यायला याहून सोपी वाट शोधून सापडायची नाही.

असं अंतर मोजायची रीत ठरलेली आहे. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू असतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर असतात. तशा दोन बिंदूंमधला, पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत आखूड मार्ग काढायचा. विमानाच्या जगात तो नॉटिकल मैलांत सांगतात. अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक नॉटिकल मैल, म्हणजेच १,८५२ मीटर. मुंबई-कराची त्या मापाने ४७२ मैल भरतं. वेळेचा हिशेब जरा वेगळा. जेट विमान वर स्थिरावलं की ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटरने जातं, पण एवढ्याशा टप्प्यात त्याला तो वेग फार वेळ मिळत नाही. निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. शिवाय वेळापत्रकात छापतात तो नुसता हवेतला वेळ नव्हे. चाकांचे अडसर काढल्यापासून पलीकडच्या विमानतळावर ते पुन्हा लावेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरलेला असतो. मुंबई-कराचीला तो एक तास चाळीस मिनिटांच्या आसपास असायचा.

मी हे आकडे पुस्तकातून शिकले नाही. तरुणपणी मोहम्मद अली रोडवरच्या एका तिकीट एजन्सीत मी नोकरी करत होते. तेव्हा तिकीट म्हणजे पातळ पानांची लांबोडकी पुस्तिका असे. पानांच्या मागे लाल कार्बनचा थर असे आणि वरच्या पानावर बॉलपेन दाबून लिहिलं की खालच्या सगळ्या पानांवर उमटे. संध्याकाळी घरी गेल्यावर बोटांचा लाल रंग साबणाने निघत नसे. कराचीच्या तिकिटावर शहरांच्या रकान्यात तीन ओळी यायच्या: बॉम्बे, कराची, बॉम्बे. गिऱ्हाइकं बहुतेक ओळखीच्या मोहल्ल्यांतली. मेमन, बोहरी, श्रीवर्धन-मुरूडकडचे कोकणी मुसलमान, क्वचित उल्हासनगरहून आलेला एखादा सिंधी वृद्ध, ज्याला मरण्यापूर्वी आपलं जुनं घर पाहायचं असे. व्यापारी थोडे. जास्त करून लग्न, बाळंतपण, आजारपण यांसाठी निघालेली माणसं.

कराचीचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे. त्यामुळे तिकिटावर छापलेल्या वेळा नुसत्या वजा केल्या तर जायला सत्तर मिनिटं आणि यायला दोन तास दहा मिनिटं असा हिशेब निघे. म्हाताऱ्या बायका ते पाहून काळजीत पडत. येतानाचं विमान जुनं असतं का, असं एकीने मला खरोखरच विचारलं होतं. मग मी तिकिटाच्या पाकिटावर दोन घड्याळं काढून देत असे, एकाखाली मुंबई आणि दुसऱ्याखाली कराची. या अर्ध्या तासालाही इतिहास आहे. कराचीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय प्रमाणवेळ घेतली, पण मुंबई शहराने १९५५ पर्यंत स्वतःची ‘बॉम्बे टाइम’ सोडली नाही, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. म्हणजे एकेकाळी एकाच मुंबई इलाख्यातल्या या दोन शहरांत पूर्वेच्या मुंबईचं घड्याळ पश्चिमेच्या कराचीहून मागे चाले. १९५१ मध्ये पश्चिम पाकिस्तानने आपली वेळ अर्ध्या तासाने मागे घेतली, पुढे मुंबईने हट्ट सोडला, आणि आजचा फरक कायम झाला.

सामानात विड्याची पानं हमखास असत. कराचीत जाऊन राहिलेल्या उत्तर हिंदुस्थानी आणि मुंबईकर घरांना पानाची तलफ मोठी. एक बाई माझ्यासमोरच टेबलावर करंडी उघडून पानांवरचं ओलं फडकं बदलत होत्या. डाग पडलेलं पान बाजूला, कोवळं आत, मधे-मधे पाण्याचा हलका शिपका. सकाळी भेंडीबाजारात घेतलेलं पान संध्याकाळी नणंदेच्या तोंडात जाईल, असं त्या मोठ्या भरवशाने म्हणाल्या. त्या भरवशाचा आधार एक तास चाळीस मिनिटांचं ते विमान होतं.

टाटांच्या विमानसेवेची सुरुवातच या मार्गावर झाली, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. १९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची टपाल सुरू केलं. युरोपातून हवाई मार्गाने येणाऱ्याला भारताचं पहिलं दार कराचीत लागे, आणि तिथून पुढचा हमरस्ता दिल्ली-कलकत्त्याकडे वळे. मुंबई बाजूला राहिली. लंडनची पत्रं विमानाने कराचीपर्यंत झपाट्याने येत आणि पुढे आगगाडीने रखडत. हा तुटलेला दुवा जोडायचं नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने आणि जे. आर. डी. टाटांनी मनावर घेतलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एक इंजिनाचं, छोटं पस मॉथ विमान उडवलं. बरोबर जेमतेम पंचवीस किलो टपाल. वाटेत अहमदाबादला उतरून पेट्रोल घेतलं, ते बैलगाडीतून आणलेलं होतं, आणि दुपारी दोनच्या आत ते जुहूला उतरले. तिथून दुसऱ्या विमानाने व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. कराची ते मुंबई, वाटेतला थांबा धरून, सात-सव्वासात तास.

जुहूचा तेव्हाचा विमानतळ म्हणजे समुद्राकाठची चिखलाची सपाटी आणि झावळ्यांची शेड. पावसाळ्यात भरतीचं पाणी धावपट्टीवर येई, म्हणून पावसाळाभर बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागे आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून विमानं उडत. कराचीचा डौल निराळा होता. तिथे ब्रिटिशांनी आर-१०१ या प्रचंड हवाई जहाजासाठी तेवढीच प्रचंड शेड उभारून ठेवली होती. ते जहाज कराचीला यायला निघालं आणि ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये कोसळून जळालं. शेड पुढे कित्येक वर्षं त्याच्याविना उभी होती. विमानांच्या जगात कराची थोरली आणि मुंबई धाकटी, असा तो काळ.

जेआरडींना ते पहिलं उड्डाण आयुष्यभर प्रिय राहिलं. १९८२ मध्ये, पन्नास वर्षं झाली तेव्हा, ७८ व्या वर्षी त्यांनी लेपर्ड मॉथ या जुन्या छोट्या विमानातून कराची-मुंबई हा प्रवास एकट्याने पुन्हा केला. मधल्या काळात दोन देश झाले होते, युद्धं झाली होती. तरी एका वृद्ध माणसाला आपल्या तरुणपणीच्या वाटेने परत उडायला दोन्ही सरकारांनी परवानगी दिली. मला त्या उड्डाणातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

आणि नातं काही विमानानेच जोडलं असं नाही. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. मराठी शिक्षक, कारकून, इंजिनिअर बदलीवर कराचीला जात, जसे धारवाडला किंवा अहमदाबादला जात. सिंधमधल्या पहिल्या सरकारी शाळेला ज्यांचं नाव आहे ते नारायण जगन्नाथ वैद्य मराठी होते. शिक्षण खात्यातून ते सिंधमध्ये गेले आणि सिंधी भाषेच्या शिक्षणाची घडी त्यांनी बसवली. ती एन. जे. व्ही. शाळा आजही कराचीच्या जुन्या बंदर रोडवर त्याच नावाने उभी आहे. फाळणी झाली, रस्त्यांची नावं बदलली, पण शाळेवरचं वैद्यांचं नाव कराचीने पुसलं नाही, याबद्दल मला त्या शहराविषयी मनापासून आदर आहे. गोव्याची माणसंही तिथे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांची कराची गोवन असोसिएशन एकोणिसाव्या शतकातली, आणि सिनसिनाटस टाउन ही वस्ती सिनसिनाटस डिअब्रेओ या गोवेकराच्या नावाने वसली. अजूनही कराचीत मराठी बोलणारी काही घरं आहेत, गणपती बसवणारी आहेत. १९४७ नंतर इकडून गेलेले कोकणी मुसलमान आहेत आणि तिकडून आलेले सिंधी आपल्या उल्हासनगरात, चेंबूरमध्ये आहेत. पावणेनऊशे किलोमीटरच्या दोन्ही टोकांना अशी एकमेकांची माणसं राहिली.

मग ही वाट पुन्हा पुन्हा बंद झाली. १९६५ च्या युद्धापर्यंत मुंबई-कराची बोट होती, ती गेली. १९७१ च्या जानेवारीत भारताचं ‘गंगा’ हे विमान अपहरण करून लाहोरला नेण्यात आलं, मग ते तिथेच जाळण्यात आलं आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. तेव्हा पूर्व आणि पश्चिम पाकिस्तान हा एकच देश होता. कराचीहून ढाक्याला सरळ जायचं तर साडेतेवीसशे किलोमीटर. आता सगळ्या भारताला वळसा घालून कोलंबोमार्गे जावं लागू लागलं आणि अंतर जवळजवळ दुप्पट झालं. आज कराची आणि ढाका हे दोन देशांचे विमानतळ आहेत. त्या तुटण्याची कारणं फार खोल होती, एका वळशाने देश तुटत नाही. पण त्या वर्षी नकाशावर ढाका जिथे होतं तिथून कराचीला कितीतरी लांब गेलं, हेही खरंच आहे.

डिसेंबर १९७१ च्या युद्धानंतर तुटलेला भारत-पाकिस्तान हवाई संपर्क १९७६ मध्ये पुन्हा जोडला गेला. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून पुन्हा सगळं बंद, ते १ जानेवारी २००४ ला उघडलं. मधली दोन वर्षं आमच्या टेबलाशी कराचीसाठी येणारी माणसं थांबली नव्हती. ती यायची आणि आम्ही त्यांना दुबईचं तिकीट द्यायचो. २०१७ मध्ये पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचं कराची-मुंबई विमान बंद झालं, आणि यावेळी युद्ध नव्हतं. प्रवासी पुरेसे नव्हते. प्रवासी नव्हते, कारण व्हिसा मिळत नव्हते. मला युद्धाने झालेल्या बंदीपेक्षा ही बंदी अधिक लागली. युद्ध संपलं की विमान सुरू होईल अशी आशा तरी असते. आतबट्ट्यात गेलेला मार्ग कोण, कशासाठी पुन्हा उघडणार?

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानचं आकाश फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बंद होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आकाश बंद केलं. विमानवाल्यांच्या सूचनापत्राला नोटॅम म्हणतात. त्या नोटॅमची मुदत महिन्या-महिन्याने वाढत राहिली. वर्तमानपत्रांत आलं ते दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांचं, त्यांना पडणाऱ्या वळशाचं, वाढलेल्या इंधनाचं, कंपन्यांच्या तोट्याचं. ते नुकसान खरं आहे आणि ते मोजता येतं, म्हणून छापूनही येतं.

आज मुंबईहून कराचीला जायचं असेल, आणि जाण्याची परवानगी हातात असेल, तर बहुतेकदा दुबई किंवा आखातातलं दुसरं एखादं शहर गाठावं लागतं. मुंबई-दुबई १,९३० किलोमीटर. दुबई-कराची १,१९० किलोमीटर. बेरीज ३,१२०, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीन पट. मुंबई-दुबईला तीन-सव्वातीन तास, दुबई-कराचीला दोनेक तास, आणि मधे दुबईत जोडविमानाची वाट पाहणं, तीन तास, पाच तास, रात्रीचं विमान मिळालं तर आणखी जास्त. म्हणजे कितीही चांगलं जमलं तरी आठ-नऊ तास. जेआरडी बैलगाडीतलं पेट्रोल भरून सव्वासात तासांत आले होते. ताशी दीडशे-एकशेसाठ किलोमीटरने जाणाऱ्या, लाकूड-कापड-पोलादी नळ्यांच्या त्या विमानापेक्षा आजच्या जेटने कराची लांब आहे. मी हा हिशेब कितीदा तरी मांडून पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचा संताप येतो.

सुरक्षेचा प्रश्न मला कळतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी मुंबईतच होते. कराचीहून तेव्हा माणसं समुद्राने आली आणि या शहरात त्यांनी काय केलं, ते आम्ही पाहिलं. ती माणसं तिकीट काढून, व्हिसा दाखवून, पासपोर्टवर शिक्का मारून आली नव्हती. जो शिक्का मारून येतो त्याची पुरी नोंद सरकारकडे असते. भारत-पाकिस्तानचा व्हिसा तर देशाचा नसतोच, ठरावीक शहरांचा असतो; बहुतेकांना पोलिसांत हजेरी द्यावी लागते, कुठून आत जाणार आणि कुठून बाहेर पडणार हेही आधी लिहून द्यावं लागतं. कराचीतली भारतीय वकिलात १९९४ मध्येच बंद झाली. तेव्हापासून तिथल्या माणसाला कागदासाठी इस्लामाबादकडे पाहावं लागतं, आणि ते मुंबईपेक्षा लांब आहे. सत्तर वर्षांच्या बाईची एवढी छाननी करून झाल्यावर तिला दीड तासाच्या विमानात का बसू देऊ नये, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर खाला राहतात. मूळच्या श्रीवर्धनच्या. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन कराचीला गेली आणि त्यांचे एक भाऊही पुढे तिकडेच स्थायिक झाले. थेट विमान होतं तोवर खालांची तिकिटं मीच काढायची. अजून भेट झाली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “काय गो, कराचीचं विमान परत चालू झालं काय?” नाही म्हटलं की त्या दुसऱ्या विषयावर जातात. भाऊ वारले तेव्हा खबर फोनवर आली. सकाळी गेले आणि असरच्या नमाजानंतर दफन झालं. थेट विमान असतं तरी व्हिसा हातात असल्याशिवाय त्या पोचल्या नसत्या, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. तरी त्यांनी मला त्या दिवशी सकाळचं विमान पूर्वी किती वाजता सुटायचं ते विचारलं आणि मी सांगितलं.

आता बहिणी दुबईत भेटतात. खालांचा भाचा तिथे नोकरीला आहे, त्याच्या दोन खोल्यांच्या घरात आठ-दहा दिवस दोघी राहतात. अशी कुटुंबं बरीच आहेत. मुंबईची एक फांदी, कराचीची एक फांदी, आणि साखरपुड्यापासून वाटण्या करण्यापर्यंत सगळं दुबई-शारजात. हे मला उपाय म्हणून पुरेसं वाटत नाही. ज्यांच्या घरचं कोणी आखातात नाही, किंवा ज्यांच्याकडे दोन बाजूंच्या तिकिटांचे पैसे नाहीत, त्यांना एवढंही मिळत नाही. शिवाय दुबईत कबरस्तान आपलं नसतं, गल्ली आपली नसते, बहिणीची सून कशी स्वयंपाक करते ते दिसत नाही. खालांना बहिणीचं कराचीतलं घर पाहायचं आहे, ज्यात ती नंतर राहायला गेली आणि जे त्यांनी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं आहे.

तिकिटं मीच काढून देते, आता घरी बसून, संगणकावर. कराचीचं आणि मुंबईचं विमान एकाच टर्मिनलला उतरेल असं पाहावं लागतं, कारण दुबईचं दोन नंबरचं टर्मिनल धावपट्ट्यांच्या पलीकडच्या बाजूला आहे आणि दोघींनाही आता फार चालवत नाही. व्हीलचेअर दोन्ही टोकांना सांगून ठेवायची. भाच्याला सुट्टी शुक्रवार-शनिवारची की शनिवार-रविवारची, ते विचारून घ्यायचं. पुढच्या खेपेला त्यांना थंडीतले दिवस हवे आहेत. बहिणीचा दुबईचा व्हिसा आला की तारीख कळेल, मग दोन्ही तिकिटं एकदमच काढायची आहेत.